कारवान क्रॉस पाळताय? मग हा भाग तुमच्यासाठी

आजचा भाग कुत्रेवाल्यांसाठी.

करमाळा, माढा, इंदापूर, उजनीच्या काठानं कुठल्याही वस्तीवर जा. गोठ्याजवळ एक लांब तोंडाचं, खोल छातीचं, उंच पायांचं कुत्रं बांधलेलं दिसतं. विचारलं की उत्तर येतं, "कारवान आहे, क्रॉस!"

कारवान म्हणजे आपल्या दख्खनचं शिकारी कुत्रं. कर्नाटकात मुधोळच्या बाजूला त्यालाच मुधोळ हाउंड म्हणतात. २००५ साली ते टपाल तिकिटावरही आलं. याला कुणी वेगासाठी ग्रेहाउंड लावतं, कुणी अंगापिंडासाठी जड जातीचं कुत्रं. त्यातून जे पिल्लू येतं, ते कुणावर जाईल सांगता येत नाही. एकाच वेतातलं एक पिल्लू सडपातळ निघतं, दुसरं दांडगं. त्यामुळे विकणारा काहीही सांगो, आईबाप दोन्ही डोळ्यांनी बघा. आई माणसाला बुजते का, अंगावर येते का, ते बघा. पिल्लाचा स्वभाव तिथं कळतो.

एक गोष्ट मात्र ठरलेली. हे कुत्रं वासापेक्षा नजरेवर चालतं. लांब काहीतरी हललं की पाय सुटलेच. मग तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही. हा हट्ट नाही, त्याचं रक्तच तसं. म्हणून हाक मारली की परत यायचं, हे लहानपणापासून रोज शिकवा. आलं की खाऊ द्या, शाबासकी द्या. उशिरा आलं म्हणून मारलंत, तर पुढच्या वेळी ते येणारच नाही.

आता मुद्द्याचं. या कुत्र्याला पळणं लागतंच. दिवसभर आखूड साखळीला बांधलं की ते चिडकं होतं आणि मग एक दिवस शेजाऱ्याच्या पोराला किंवा शेळीला धरतं. कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं फिरवलं नाही, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं तोही गुन्हा आहे. सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी पळवा. उन्हात अजिबात नको. आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला माहितीये. आणि पिल्लू वर्ष-सव्वा वर्षाचं होईपर्यंत गाडीमागं पळवू नका, सांधे कायमचे बिघडतात.

पळवायचं, पण कशामागं? इथंच आपली पोरं फसतात. सशामागं कुत्रं सोडायचं, मोबाईलवर शूट करायचं, रील टाकायची. मित्रांनो, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. पाठलाग करणं, हाकणं, पकडणं, आणि तसा नुसता प्रयत्न, हे सगळं शिकारीतच येतं. काळवीट किंवा चिंकारा असेल तर ३ ते ७ वर्षं आत. आणि रील म्हणजे तुम्हीच स्वतःच्या हातानं दिलेला पुरावा!

पाणी ओसरलं की धरणाकाठची गाळाची जमीन उघडी पडते. सपाट, मोकळी, पळायला झकास. पण तिथंच रोहित म्हणजे फ्लेमिंगो आणि बाकीचे पाहुणे पक्षी चरायला उतरतात. पक्षी बसले असतील तिथं कुत्रं सोडू नका. स्वतःच्या रिकाम्या रानात, दोरीला चिंधी बांधून ती ओढा. कुत्र्याची हौस तेवढ्यात भागते.

खाण्याचं बघू. नुसती भाकरी-दूध पुरत नाही. अंडी, चिकन, भात, जमेल तसं द्या. शिजवलेली हाडं नकोत, ती फुटून आतडं फाडतात. बरगड्या थोड्या दिसतात म्हणून घाबरू नका, या कुत्र्याची ठेवणच तशी. छाती खोल असल्यानं भरल्या पोटी पळवलं तर पोट फुगून पिळवटू शकतं. पोट टम्म, उलटीचा नुसता उमाळा, बाहेर काहीच नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टर गाठा.

लसी दीड-दोन महिन्यांपासून सुरू होतात, रेबीजची तिसऱ्या महिन्यात. जंताचं औषध वेळेवर. जनावरांजवळ राहतं, म्हणून कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड रोज बघा. तापाचं मूळ तिथंच असतं. ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना हाउंड जातीचं आहे हे आधी सांगा. अंगावर चरबी कमी असल्यानं भुलीची काही औषधं या कुत्र्यांना जड जातात.

शेवटचं, रात्रीचं. आपल्याकडं ऊस आहे, आणि उसात बिबट्या आहे. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात काय झालं, ते इथलं कुणी विसरलेलं नाही. कुत्रं कितीही दांडगं असू दे, साखळीला बांधलेलं असलं की बिबट्यापुढं त्याचा निभाव लागत नाही. त्यात कुत्र्याच्या वासानं बिबट्या थेट तुमच्या दारात येतो. रात्री त्याला बंद खोलीत किंवा पक्क्या जाळीच्या खुराड्यात घ्या.

राखण करायला आणलंय ना? मग त्याचीही राखण आपणच करायची. हा भाग कुत्रं पाळणाऱ्या मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!