निवडुंग आणि मधुमेह
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आमच्या कुटुंबातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी गेल्या वर्षी मधुमेहाच्या गोळ्या सोडून निवडुंगाचा रस घेण्यास आरंभ केला. महिन्याभरातच त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. ते बचावले. परंतु निवडुंगाने साखर उतरते, ही त्यांच्या कानी आलेली गोष्ट सर्वस्वी खोटी नव्हती. म्हणूनच तीविषयी बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ही गोष्ट मूळची मेक्सिकोची. त्या देशाच्या ध्वजावरील गरुडही निवडुंगावरच बसलेला आहे. तेथे निवडुंगाची कोवळी फडी काटे काढून, चिरून, शिजवून किंवा भाजून नित्याच्या जेवणात खातात. आपल्याकडे भेंडी, तसा तेथे हा 'नोपाल', बुळबुळीतपणाही तसाच. 1988 साली तेथील डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मधुमेही रुग्णांस उपाशीपोटी 500 ग्रॅम भाजलेला नोपाल दिला असता तीन तासांत त्यांच्या रक्तातील साखर सुमारे 17 टक्क्यांनी उतरली. निरोगी माणसांत मात्र फरक दिसला नाही. नोपाल जेवणासोबत घेतल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असेही पुढे आढळून आले. त्यातील चोथा व चिकट द्रव्य यांमुळे अन्नातील साखर रक्तात सावकाश मिसळते, हे त्याचे एक कारण होय.

तथापि, अर्धा किलो भाजी एका बैठकीस! शिवाय हे प्रयोग मोजक्या रुग्णांवर झालेले, आणि परिणाम मोजला तो काही तासांचा. गोळ्यांची जागा नोपाल घेईल, असे त्यांतून मुळीच सिद्ध होत नाही.

आता आपल्या बांधावरील निवडुंगाविषयी. फड्या निवडुंग हा नोपालचा भाऊबंद खरा, आणि तोही अमेरिकेतूनच आलेला. परंतु कुंपणास लावतात तो त्रिधारी निवडुंग त्या कुळातला नव्हेच. त्याचा पांढरा चीक विषारी असून डोळ्यांत गेल्यास मोठी इजा करतो. आमच्या गृहस्थांनी घेतलेला रस कोणत्या झाडाचा, हे विकणाऱ्यासही सांगता आले नाही!

खरा नोपाल मिळाला तरी इन्सुलिन अथवा गोळ्या घेणाऱ्याने आपल्या डॉक्टरांस आधी विचारावे. दोहोंचा परिणाम एकत्र होऊन साखर फार खाली गेल्यास दरदरून घाम सुटतो, हातपाय थरथरतात, शुद्धही हरपते.

ते गृहस्थ आज पहिल्या रांगेत बसले आहेत. गोळ्या त्यांच्या खिशात आहेत, आणि भाजी म्हणून सध्या ते मेथीच खातात.