पडद्यामागचा एक प्रश्न

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, पुढे जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत ताणलेली. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर तोललेले असतात. बाळंतपणात ती ताणली जाते, कधी फाटते. पाळी गेल्यावर तिचा जोर आणखी कमी होऊ शकतो. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांचाही लघवीवरचा ताबा सुटू शकतो, त्यांनाही या स्नायूंवरच्या उपचाराची गरज असते. हा उपचार फिजिओथेरपिस्ट करतात, पण फिजिओथेरपीच्या पदवीत या विषयाच्या वाट्याला थोडे तास येतात. परिषदेकडची नोंदणी व्यवसायाचा परवाना देते. या कामाचा हात मात्र पुढे कमवावा लागतो.

अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली या स्नायूंचे व्यायाम मांडले. त्यांचे नाव सर्वत्र पोचले, पण ते आकुंचनाचा दाब उपकरणाने मोजत असत, हे मागे पडले. हे नुकसान मोठे आहे. नुसत्या तोंडी सूचनेवर अनेक स्त्रिया नितंब आवळतात, श्वास रोखतात किंवा उलट खाली जोर करतात, आणि दुखणे वाढते. आकुंचन बरोबर होते की नाही हे तपासूनच कळते. संमती घेऊन केलेल्या आतल्या तपासणीत त्याला शून्य ते पाच अशी श्रेणी देतात. हे बोटांचे ज्ञान शनिवार-रविवारच्या एका कार्यशाळेत येत नाही; अनुभवी हाताशेजारी बसून शिकावे लागते. स्नायू मुळातच आखडलेले असतील, तर आवळण्याआधी सैल सोडणे शिकवावे लागते. व्यायाम किमान तीन महिने नेमाने करावे लागतात, हेही पहिल्याच दिवशी सांगावे. लघवीत रक्त दिसले किंवा जांघेत बधिरता असली, तर व्यायाम थांबवून रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवावे.

ठाणे-कल्याण पट्ट्यात या शिक्षणाला लोकलची जोड आहे. डोंबिवलीहून सकाळची गाडी पकडणारी बाई वाटेत अडचण नको म्हणून पाणी कमी पिते, निघताना गरज नसतानाही लघवीला जाऊन येते. लघवी घट्ट होऊन मूत्राशयाला झोंबते, आणि थोडी साठली तरी घाई लागायची सवय होते. स्त्रियांच्या स्वच्छतागृहांसाठी २०११ साली मुंबईत ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू झाली, ती याच अडचणीतून. म्हणून लघवीच्या वेळा आणि पाणी यांची तीन दिवसांची नोंदवही वाचता येणे हेही कौशल्यच.

भाषा शिकणे राहतेच. ‘अंग बाहेर येतं’ एवढ्या तीन शब्दांत गर्भाशय सरकल्याची तक्रार सांगून बाई मान खाली घालते. पुष्कळजणी तेवढेही न बोलता कंबर दाखवून परततात. तेव्हा कंबर धरली म्हणून आलेल्या प्रत्येक बाळंतिणीला, पडदा ओढून आणि सासूला बाहेर बसवून, एवढे विचारावेच: खोकताना लघवी सुटते का?