पुराण, आख्यान, शुभवर्तमान : मराठी ख्रिस्ती कथनाची परिभाषा

धर्म नव्या भाषेत येतो तेव्हा त्याला दोन प्रकारचे शब्द लागतात. काही शब्द कथा सांगण्यासाठी आणि काही श्रद्धा मांडण्यासाठी. मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा चार शतकांचा प्रवास पाहिला, तर पुराण, ओवी, आख्यान, निरूपण आणि दृष्टांत हे पहिल्या प्रकारचे शब्द या धर्माने फारशी कुरकुर न करता उचलले, परंतु स्वर्ग, मुक्ती, अवतार अशा दुसऱ्या प्रकारच्या शब्दांपाशी त्याचे कवी, उपदेशक आणि भाषांतरकार पुन्हा पुन्हा अडखळले, असे दिसते. हा भेद कसा पडला, याचा मागोवा गोव्यातील साष्टीपासून घ्यावा लागतो.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात साष्टी हा पोर्तुगीज सत्तेखालचा आणि जेझुइट या कॅथलिक संन्यासी संघाच्या धर्मकार्याचा प्रदेश होता. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेतील पाखंडाची चौकशी करून शिक्षा फर्मावणारे न्यायपीठ, स्थापन झाले, 1567 च्या सुमारास साष्टीतील देवळे पाडण्यात आली, आणि धर्मांतरित कुटुंबांना आपल्या जुन्या पोथ्या ऐकण्यास मनाई झाली. पोथी ऐकणे हा त्या समाजाच्या जीवनाचा केवढा मोठा भाग होता, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काहीच उलगडत नाही. साष्टीतल्याच केळशी गावच्या कृष्णदास शामा यांनी 1526 मध्ये ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ मराठीत रचली होती, आणि पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रोमी लिपीत उतरवून घेतलेल्या रामायण-महाभारतातील कोंकणी व मराठी कथांची जी हस्तलिखिते आहेत, ती पाद्र्यांनी या कथा किती बारकाईने अभ्यासल्या होत्या याची साक्ष देतात. बोलायला कोंकणी आणि पोथीला मराठी, अशी त्या प्रदेशाची वहिवाट होती. ज्या राजवटीने पुराणिकाला गप्प केले, त्याच राजवटीच्या आश्रयाने पुढे ख्रिस्ताचे पुराण लिहिले गेले, ही गोष्ट त्या ग्रंथाचे गुणगान करताना अनेकदा झाकली जाते, ती झाकू नये.

थॉमस स्टीफन्स, ज्यांना मराठीत फादर स्टीफन्स म्हणतात, हे इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात जन्मलेले जेझुइट 1579 च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरले आणि 1619 मध्ये मृत्यू येईपर्यंत बहुतेक काळ साष्टीतच राहिले. त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक प्रसंग रचलेला आहे. पाद्री धर्मशिक्षण देत असताना एक ब्राह्मण नवख्रिस्ती त्यांना विचारतो की, उपदेश ठीक आहे, पण पूर्वीच्या पुराणांसारखे वेळ घालवायला व मन रमवायला काही वाचण्याजोगे आमच्या भाषेत का नसावे. हा प्रश्न घडलेला असो वा रचलेला, त्यातून गरज नेमकी सांगितली गेली आहे, कारण त्या श्रोत्यांकडे धर्माची सूत्रे होती, प्रार्थना होत्या, प्रश्नोत्तरांची छोटी पुस्तकेही होती, आणि नव्हती ती केवळ लांबलचक, सुरात म्हणण्याजोगी गोष्ट.

पुराण या प्रकारात सृष्टीच्या उत्पत्तीपासून आरंभ करून देवाच्या कृत्यांची कथा ओवीबद्ध रूपात सांगितली जाते आणि पुराणिक ती वाचून तिचा अर्थ लावून दाखवतो. स्टीफन्स यांनी हाच साचा घेतला. ‘पैलें पुराण’ या पहिल्या भागात बायबलच्या जुन्या कराराची, म्हणजे ख्रिस्तजन्मापूर्वीची, कथा येते आणि ‘दुसरें पुराण’ या भागात ख्रिस्ताचा जन्म, कार्य, मृत्यू व पुनरुत्थान, म्हणजे मरणातून पुन्हा उठणे, यांचे वर्णन येते. दोन्ही भाग मिळून ओव्यांची संख्या सुमारे 11,000 आहे, आणि ओवी तीच ग्रांथिक, पहिल्या तीन चरणांत यमक जुळवणारी व चौथा चरण मोकळा सोडणारी, जी ज्ञानेश्वर-एकनाथांमुळे मराठी कानांच्या सवयीची झाली होती. अध्यायाला स्टीफन्स ‘अवस्वरु’ म्हणतात. 1616 मध्ये छापलेल्या या ग्रंथाचे मूळ पोर्तुगीज शीर्षक येशू ख्रिस्ताच्या जगात येण्याविषयीचे विवेचन अशा कोरड्या अर्थाचे होते, परंतु मराठी श्रोत्यांच्या तोंडी राहिले ते पुराण.

छपाईची गोष्टही थोडी सांगण्याजोगी आहे, कारण देवनागरीचे खिळे गोव्यात नव्हते आणि ते पाडून घ्यावेत अशी इच्छा स्टीफन्स यांनी 1608 मध्ये रोमला लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली होती, ती फळाला आली नाही. परिणामी ज्ञानेश्वरीच्या वळणाची ओवी पोर्तुगीज उच्चारपद्धतीने जुळवलेल्या रोमी अक्षरांत छापली गेली; ळ, ण, ठ, ढ यांसाठी रोमी लिपीत वेगळी अक्षरे नसल्याने अक्षरे दुहेरी करणे किंवा ह जोडणे असे उपाय करावे लागले. 1649 व 1654 मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या, मात्र या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांवर. मंगळूरकडील कोंकणी ख्रिस्ती कुटुंबांकडे असलेल्या नकलांच्या आधारे जोसेफ सलढाणा यांनी 1907 मध्ये तो पुन्हा छापला, आणि पुढे लंडनमध्ये मार्सडेन संग्रहात देवनागरीतील एक पोथी सापडली, ती अमेरिकन मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांच्या नजरेस पडली. हेच अ‍ॅबट महाराष्ट्रातील संतकवींचे इंग्रजी अनुवादक होते, आणि संतांच्या पोथ्या वाचणाऱ्या डोळ्यांनी ती ओवी ओळखावी यात नवल नाही.

आता श्रद्धेच्या शब्दांकडे वळले पाहिजे. स्टीफन्स स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हणतात, विष्णूचे निवासस्थान या अर्थाने रूढ असलेल्या शब्दाला ख्रिस्ती अर्थ देतात, आणि यमाच्या नावाने असलेले ‘यमकोंड’ हे नरकाचे नाव तर गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीत आजही चालू आहे. मात्र क्रूस, पाद्री, इगर्जी, नाताळ हे शब्द त्याच काळच्या पोर्तुगीज संपर्कातून मूळ रूपातच आले. ‘इगर्जी’ म्हणजे चर्चची इमारत, हा शब्द सर्वसाधारण मराठीत फारसा रुळला नाही. ‘नाताळ’ मात्र इतका मुरला की प्रत्येक मराठी दिनदर्शिकेत 25 डिसेंबरला तो छापलेला असतो आणि तो परका आहे हे कुणाच्या ध्यानीही येत नाही. यातून एक ढोबळ नियम दिसतो. स्थळांची व कथेची नावे देशी चालली, परंतु ज्या वस्तूला व विधीला हिंदू जगात जोडच नव्हता तिचे परदेशी नाव तसेच ठेवले गेले.

पुढचा मोठा टप्पा देशावर, अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, घडला. अमेरिकन मराठी मिशनचे काम तेथे 1831 मध्ये सुरू झाले, आणि प्रॉटेस्टंट पंथाचे हे मिशनरी छापील पुस्तक व व्याख्यान यांवर विसंबून होते, तरी खेड्यात व्याख्यानाला माणसे बसत नसत, कीर्तनाला रात्रभर बसत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव रत्नाजी सांगळे या मराठी ख्रिस्ती कवीने येथे ख्रिस्ती कीर्तनाला आकार दिला.

कीर्तनाचे दोन अंगांचे बांधकाम येथे समजून घेतले पाहिजे. पूर्वार्धाला पूर्वरंग म्हणतात. त्यात कीर्तनकार एक मूळ पद घेऊन त्यातील तत्त्व उलगडतो आणि या उलगडण्यालाच निरूपण म्हणतात. उत्तरार्ध म्हणजे उत्तररंग, ज्यात त्या तत्त्वाला धरून एक आख्यान, म्हणजे पात्रे, संवाद व प्रसंग यांनी भरलेली कथा, रंगवली जाते. मध्ये ओवी, साकी, दिंडी, आर्या, अभंग अशी वृत्ते बदलत राहतात आणि टाळ-मृदंगाची साथ चालू असते. ख्रिस्ती कीर्तनाने हे सर्व जसेच्या तसे घेतले व मूळ पदाच्या जागी बायबलमधील वचन किंवा त्यावरचा अभंग ठेवला.

लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राची कथा उत्तररंगासाठी जणू मुद्दाम घडवल्यासारखी आहे, हे येथे जवळून पाहण्यासारखे आहे. धाकटा मुलगा बापाकडे वाटणी मागतो, दूर देशी जाऊन ती उडवतो, दुष्काळ पडतो, डुकरे राखण्याची पाळी येते आणि त्यांच्यापुढच्या शेंगांचाही त्याला मोह पडतो. नगर जिल्ह्यातील श्रोत्याला वाटणीचा तंटा आणि दुष्काळ समजावून सांगावा लागत नव्हता. कीर्तनकार येथे थांबतो, वृत्त बदलतो, मुलगा मनाशी काय बोलतो ते वेगळ्या चालीत म्हणतो, आणि बाप दुरून ओळखून धावत येतो त्या जागी टाळ दुगुणीत चालवतो. व्याख्यानातून हीच कथा एका वाक्यात संपली असती. मराठी बायबलने अशा कथेला दृष्टांत म्हटले, आणि हा शब्द न्यायशास्त्रात व महानुभाव पंथाच्या गद्यातही उदाहरण देऊन सिद्धांत पटवणे या अर्थाने मुरलेला होता. केशिराज बासांचा ‘दृष्टांतपाठ’ तेराव्या शतकातला. स्टीफन्स यांना वैकुंठाच्या बाबतीत जी ओढाताण पडली असेल, ती येथे कुणालाच पडली नाही.

या कीर्तनाचा सामाजिक अर्थही दृष्टिआड करता येत नाही. नगर परिसरात ख्रिस्ती झालेल्यांत महार व मांग समाजातील कुटुंबे बहुसंख्य होती, ज्यांना गावच्या देवळातले कीर्तन बाहेर लांब उभे राहून ऐकावे लागे, आणि वाद्यवादन हे तर यांतील कित्येकांचे पिढीजात कसब होते. ख्रिस्ती कीर्तनात तेच श्रोते समोर बसले आणि त्यांच्यातलेच काही उभे राहून निरूपण करू लागले. शब्द सारे जुने असले तरी ते बोलणारा बदलला, आणि ख्रिस्ती कीर्तनाच्या इतिहासात हा बदल त्याच्या काव्यगुणांइतकाच वजनदार मानला पाहिजे.

नारायण वामन टिळक यांनी या परंपरेला सर्वांत उंच नेले. 1861 मध्ये कोंकणात ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या आणि 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा, घेतलेल्या टिळकांनी आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगितले होते. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात त्यांची शंभराहून अधिक पदे आहेत, ‘अभंगांजली’त त्यांनी अभंगाची वाट धरली, आणि ‘ख्रिस्तायन’ या नावात तर रामायणाची घडण उघड आहे. 1919 मध्ये टिळक गेले तेव्हा ते महाकाव्य आरंभीच्या अध्यायांवरच थांबले होते. ज्यांचे शिक्षण फार थोडे झाले होते त्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी पुढचे बहुतेक सारे अध्याय रचून ते जवळजवळ पूर्णतेला नेले. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामुळे लक्ष्मीबाईंचे गद्य सर्वांना ठाऊक असते, पण हे पद्य फार थोडे वाचतात, आणि ही मराठी वाचकाची उणीव आहे.

श्रद्धेच्या शब्दांचा तंटा मात्र टिळकांच्या काळीही मिटला नव्हता. ‘अवतार’ हा शब्द तयार असूनही प्रॉटेस्टंट लेखक तो टाळत, कारण अवतार पुन्हा पुन्हा होतात आणि ख्रिस्ताचे येणे एकदाच झाले अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. म्हणून ‘देहधारण’ हा शब्द रूढ झाला. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणे या अर्थाचा ‘मोक्ष’ही तसाच मागे पडला आणि पापातून सुटका या अर्थी ‘तारण’ आले, जे बँकेच्या कर्जाच्या कागदावर वेगळ्याच अर्थाने वावरते. पापाची भरपाई म्हणून ख्रिस्ताने दिलेल्या जिवाला मराठी बायबल ‘खंडणी’ म्हणते, हे मराठ्यांच्या इतिहासाशी परिचित वाचकाला क्षणभर चमकवते, पण अर्थ बरोबर पोचतो. पंडिता रमाबाईंना रूढ भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा व तिच्यात येणाऱ्या हिंदू तत्त्वज्ञानाच्या संज्ञा खटकत होत्या, म्हणून त्यांनी केडगावला हिब्रू व ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवले, जे त्यांच्या 1922 मधील निधनानंतर, 1924 मध्ये, प्रसिद्ध झाले. त्याच रमाबाईंनी आपल्या आश्रमाचे नाव मात्र ‘मुक्ती’ ठेवले होते.

शुभवर्तमान आणि सुवार्ता या दोन शब्दांतही असाच पर्याय टिकून आहे. दोहोंचा अर्थ आनंदाची बातमी असा आहे. मत्तय, मार्क, लूक व योहान यांच्या चार ख्रिस्तचरित्रांना शुभवर्तमान म्हणतात, तर संदेश सांगण्याच्या कार्याला सुवार्ता आणि तो सांगणाऱ्याला सुवार्तिक म्हणतात. स्वतःच्या जीवनात विश्वासाने काय घडले ते मंडळीपुढे, म्हणजे उपासनेसाठी जमलेल्या समुदायापुढे, उभे राहून सांगण्याला ‘साक्ष देणे’ म्हणतात, आणि न्यायालयातून आलेला हा शब्द मराठी ख्रिस्ती कथनाचा आजचा सर्वांत जिवंत प्रकार ठरला आहे. वसईच्या कॅथलिक समाजाने ‘सुवार्ता’ हे नाव आपल्या मासिकाला दिले, आणि त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे पुढे उस्मानाबाद येथील 2020 च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले तेव्हा त्याला ‘सुबोध बायबल’ असे नाव दिले.