उच्च दाबाच्या विजेला लगाम

२ ऑक्टोबर १९७२ रोजीं वरळीहून मुंबई दूरदर्शनचें प्रक्षेपण सुरू झालें आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत गिरगांवच्या चाळींपासून लालबाग-परळच्या खोल्यांपर्यंत त्या चित्रपेट्या ठिकठिकाणीं येऊन बसल्या. पेटी नुकतीच बंद केली असतां कांचेजवळ हात नेला कीं हातावरचे केस उभे राहत. आणि कांच कितीही लखलखीत पुसली तरी चार दिवसांत तिच्यावर धुळीचा थर बसे. कांचेच्या आंतल्या अंगास १५ ते २० हजार व्होल्ट दाबाची वीज असे, तिचा हा प्रताप. भिंतींतून येणाऱ्या विजेचा दाब अवघा २३० व्होल्टांचा. मग पेटींत हजारोंचा दाब येई कोठून? प्रश्न विचारण्याजोगा होता. परंतु छायागीत सुरू झाल्यावर तो विचारण्यास सवड कोणास?

तो दाब येई मुठीएवढ्या एका ट्रान्स्फॉर्मरमधून. दुरुस्ती करणारे कारागीर त्याला ‘ई.एच.टी.’ म्हणत, ग्रंथांतलें त्याचें नांव ‘फ्लायबॅक’, म्हणजे झेप घेऊन माघारी येणारा. पडद्यावरील चित्र इलेक्ट्रॉनांचा झोत रेघ रेघ ओढून काढी. एका चित्राच्या ६२५ रेघा व सेकंदास २५ चित्रें, म्हणजे सेकंदास १५,६२५ रेघा. प्रत्येक रेघ ओढून झाली कीं झोतास सेकंदाच्या सुमारें १२ दशलक्षांश भागांत मूळ जागीं परतावें लागे. या परतीच्या क्षणीं वेटोळ्यांतला प्रवाह एकाएकीं तोडला जाई. नळाची तोटी झटकन् फिरवून बंद केली म्हणजे भिंतींतला नळ जसा दणका देतो, तसाच दणका कोसळणारें चुंबकक्षेत्र देतें. बारीक तारेच्या हजारों वेढ्यांत तोच दणका हजारों व्होल्टांचें रूप घेतो. नंतरच्या ट्रान्स्फॉर्मरांत वीज एकाच दिशेनें जाऊं देणारे डायोडही राळेंत ओतून बसविलेले असत, त्यामुळें बाहेर पडणारी वीज एकदिश, म्हणजे डी.सी., असे.

त्या पेट्या आतां बहुतेक घरांतून गेल्या. लॅमिंग्टन रस्त्यास डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें नांव मिळालें. सुटे भाग शोधणारा मनुष्य मात्र जुन्याच नांवानें पत्ता सांगतो. मोडींत निघालेल्या पेटींतला हा ट्रान्स्फॉर्मर पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या हातीं पडला, तर त्यास तो मोलाचा वाटतो. अणुविषयक मोजमापास उच्च दाबाची एकदिश वीज लागतेच. डॉ. होमी भाभा यांची टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ सालीं बंगलोरहून मुंबईंत पेडर रोडवर आली, तेव्हांपासून विश्वकिरण मोजणाऱ्या गायगर नळ्यांसाठीं अशी वीज या शहरांत लागत आली आहे.

येथेंच खरी मेख आहे. मोठा दाब उत्पन्न करणें सोपें. तो हवा तेवढाच ठेवणें अवघड. २एन३०५५ जातीचा एक ट्रान्झिस्टर, दोनचार वेटोळीं आणि १२ व्होल्टांची बॅटरी एवढ्या सामग्रीवर ठिणग्या उडवून दाखवितां येतात. पोरांना तें भारी आवडतें. पण त्यास वीजपुरवठा म्हणणें हा शब्दाचा अपमान आहे. प्रकाशाचे क्षीण कण मोजणाऱ्या फोटोमल्टिप्लायर नळीचें उदाहरण घ्यावें. तिची गुणन-शक्ति दाबाच्या जवळजवळ सातव्या घाताप्रमाणें वाढते. दाब १ टक्क्यानें ढळला कीं माप ७ टक्क्यांनीं चुकतें.

तेव्हां रचना कशी करावी? ट्रान्स्फॉर्मरच्या फेराइट गाभ्याच्या उघड्या बाजूवर जाड तारेचे थोडे वेढे घालावे. या वेढ्यांचें प्रेरकत्व ५० मायक्रोहेन्री असून १२ व्होल्टांचा प्रवाह २० मायक्रोसेकंद वाहूं दिला, तर तो ४.८ अँपिअरपर्यंत चढतो आणि गाभ्यांत अर्ध्या मिलिज्यूलाहून थोडी अधिक शक्ति सांठते. सेकंदास २०,००० वेळां हें घडलें कीं सुमारें ११ वॅट झाले. प्रवाह याहून फार चढविला तर फेराइट तृप्त होतो आणि वाहकाची राख होते.

मात्र ही शक्ति दर खेपेस आंत येतच राहते. बाहेर कोणी ती घेत नसेल तर दाब चढत जातो आणि शेवटीं ट्रान्स्फॉर्मरची राळ फुटते. यास्तव दाबावर सतत नजर ठेवणारा पहारेकरी हवा. १०० मेगओहमांचे १० रोधक एकापुढें एक जोडावे. प्रत्येकाच्या वांट्यास मग १,००० व्होल्टच येतात. १० हजार व्होल्टांवर या सांखळींतून १० मायक्रोअँपिअर वाहतात व तिच्या तळच्या २५० किलोओहमांवर बरोबर २.५ व्होल्ट मिळतात. त्यांची तुलना स्थिर संदर्भ-दाबाशीं करून प्रवाह किती काळ वाहावा हें ठरविणारें मंडल जोडलें कीं लगाम लागला. संदर्भ-दाब एका खुंटीनें कमी केला म्हणजे बाहेरचा दाबही त्याच प्रमाणांत उतरतो. १ व्होल्टास ४ हजार, हा हिशेब लक्षांत ठेवण्यास सोपा. मंडल फार उतावळें ठेवूं नये. सांखळी मंद असल्यामुळें वार्ता उशिरा पोहोंचते, आणि उतावळा पहारेकरी दाबास झोके देत बसतो.

मुंबईच्या हवेचा विचार निराळा करावा लागतो. कोरडी हवा मिलिमीटरास सुमारें ३,००० व्होल्ट सोसते, हें गुळगुळीत गोलांपुरतें खरें. डाखाच्या टोंकदार कांट्यापाशीं ती त्याच्या पुष्कळ आधींच दगा देते. आषाढांत दमट, खारट वाऱ्यानें पाटीवर जो पापुद्रा बसतो त्यावरून वीज सरपटत जाते. म्हणून डाखाचे थेंब वाटोळे ठेवणें, पाटींत चिरा पाडून वाट लांब करणें आणि धूळ पुसणें हें गणितापेक्षां कमी महत्त्वाचें नाहीं.

शेवटची गोष्ट बंद केल्यानंतरची. दाबाची लहर दाबण्यास १ नॅनोफॅरडचा कंडेन्सर पुरतो. १० हजार व्होल्टांवर त्यांत ०.०५ ज्यूल असतात. झटका सणसणीत, पण निरोगी माणसाचा जीव सहसा वांचतो. अधिक स्थैर्याच्या लोभानें त्याच जागीं १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडला तर ५० ज्यूल सांठतात, आणि ते प्राण घेऊं शकतात. लहान कंडेन्सर रोधकांच्या सांखळींतून ५ सेकंदांत ७० व्होल्टांच्या खालीं येतो. मोठ्यास तेवढ्याचसाठीं ८० मिनिटांहून अधिक लागतात. सांखळींतला एक जरी रोधक तुटला असला तरी दोन्ही भरलेलेच राहतात, आणि बाहेरून तें ओळखूं येत नाहीं. म्हणून उघड्या मंडलास हात लावण्यापूर्वीं, लांब विद्युद्रोधक दांड्यास बांधलेल्या रोधकांतून कंडेन्सरचा भार जमिनीस उतरवावा, थोडा वेळ थांबून पुन्हां उतरवावा आणि मगच, दुसरा हात खिशांत ठेवून, कामास लागावें.