ध्रुव कोठून दिसतो?

काही वर्षांपूर्वी सरकारी कामानिमित्त मी कन्याकुमारीस गेलो होतो. देवीच्या दर्शनासाठी माझी वृद्ध आईही बरोबर आली होती. नागपूरच्या आमच्या अंगणातून रात्री ध्रुवाला नमस्कार करण्याचा तिचा जुना परिपाठ. त्या रात्रीही ती उत्तरेकडे तोंड करून उभी राहिली. पण नेहमीच्या ठिकाणी तारा सापडेना. शेवटी सप्तर्षींतील पुलह आणि क्रतू यांना जोडणारी रेघ पुढे नेऊन मी तो दाखविला. माडांच्या शेंड्यांवर तो जेमतेम टेकला होता. "अरे, ध्रुवसुद्धा ढळला म्हणायचा!" ती खेदाने म्हणाली.

ढळलो होतो ते आम्ही. पृथ्वीचा आस उत्तरेकडे आकाशात जेथे रोखलेला आहे, त्या बिंदूच्या अगदी निकट हा तारा आहे. म्हणून उत्तर ध्रुवावर उभ्या असलेल्या माणसाच्या तो माथ्यावर येतो. तेथून दक्षिणेकडे सुमारे १११ किलोमीटर चालावे, की तो एक अंश खाली उतरतो. आपण ज्या अक्षांशावर असू, जवळजवळ तितकेच अंश तो क्षितिजाच्या वर असतो: श्रीनगरला ३४, नागपूरला २१, मुंबईला १९, कन्याकुमारीला अवघे ८. हात लांबवून मूठ धरली, तर ती सुमारे दहा अंश व्यापते. मुंबईत दोन मुठी मोजाव्या; कन्याकुमारीस एकही पुरती भरत नाही. अरब नाविक दोरीला बांधलेल्या 'कमाल' नावाच्या लहानशा फळीने हीच उंची मोजून आपल्या बंदराचा माग काढीत.

विषुववृत्तावर ध्रुव क्षितिजाला टेकतो. तो आकाशीय ध्रुवापासून किंचित दूर आहे आणि वातावरणही प्रकाशाला वाकविते. त्यामुळे हिशेबाने तो विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे एक अंशापर्यंत दिसावा. प्रत्यक्षात क्षितिजावरील धुरकटपणा त्याला त्याआधीच गिळतो. मॉरिशस सुमारे २० अंश दक्षिणेस आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांच्या वंशजांना आपल्या घरून ध्रुव कधीच दिसत नाही. मुंबईत तो जितका वर, जवळजवळ तितकाच तेथे क्षितिजाखाली!

तरीही आईचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पृथ्वीचा आस भोवऱ्याप्रमाणे डुलतो आणि त्याचा एक फेरा सुमारे २६,००० वर्षांत पुरा होतो. साडेचार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ध्रुवपद कालेय समूहातील ठुबान या ताऱ्याकडे होते. आणखी सुमारे बारा हजार वर्षांनी ते तेजस्वी अभिजिताच्या वाट्याला येईल. अढळपद अढळ आहे, ते मानवी आयुष्याच्या मापाने.

नागपूरला परतलो त्याच रात्री आई अंगणात गेली. तारा आपल्या जागी होता. "आला बाई घरी," ती समाधानाने म्हणाली. घरी आलो होतो ते आम्ही. पण मी ती दुरुस्ती केली नाही.