एकवीस अंदाज, एक पाऊस

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. कुलाब्यात जेमतेम ७३. गोरेगावच्या पूर्वेला, आरे वसाहतीपलीकडच्या विहार तलावावर तर आकडा हजाराच्याही पुढे गेला. एकाच शहरात, वीस-पंचवीस किलोमीटरच्या अंतरात एवढी तफावत!

असा पाऊस आधी ओळखणं अवघड का? संगणकाला अंदाज काढायचा तर आत्ताचं वारं, तापमान, बाष्प सगळं त्याला सांगावं लागतं. ही मोजमापं कधीच पुरती अचूक नसतात. अरबी समुद्रावर तर उपकरणंच विरळ. १९६१ साली अमेरिकेत हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेंझ यांनी संगणकावर आपलं हवामानाचं गणित पुन्हा चालवताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला. काही वेळ दोन्ही उत्तरं जुळली. पुढे त्यांचा एकमेकांशी काही संबंधच उरला नाही.

म्हणून एकाच उत्तरावर विसंबायचं नाही. सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तेच गणित, म्हणजे मॉडेल, पुन्हा पुन्हा चालवायचं. याला म्हणतात एन्सेंबल. युरोप-अमेरिकेत १९९२पासून हे नियमित काम झालं. आपल्याकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत उभी राहिलेली, नकाशाच्या बारा किलोमीटरच्या चौकटींवर २१ अंदाज काढणारी प्रणाली जून २०१८मध्ये सुरू झाली. एकवीसपैकी अठरा अंदाज अतिवृष्टी दाखवत असतील, तर शंकेला फारशी जागा नाही. पाचच दाखवत असतील, तरी ते पाच फेकून देता येत नाहीत. मोठं संकट कधीकधी त्या पाचांतच दडलेलं असतं.

जून २०२०चं निसर्ग चक्रीवादळ आठवावं. संभाव्य मार्गांच्या पट्ट्यात मुंबईही होती, म्हणून किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना हलवलं. ३ जूनला वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. श्रीवर्धन-मुरूडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, मुंबई बचावली. मुंबईला दिलेला इशारा खोटा ठरला, असं म्हणणं अन्यायाचं आहे. धोका खरोखरच होता.

बारा किलोमीटरच्या एका चौकटीत गोरेगाव ते सांताक्रूझ सगळं मावतं. त्यातला नेमका कुठला ढग फुटेल, हे एन्सेंबल सांगू शकत नाही. तिथे शेवटच्या काही तासांत जोगेश्वरीच्या वेरावलीचं रडार कामी येतं. ते जानेवारी २०२२मध्ये सुरू झालं.

ओशिवरा नदी आरेच्या टेकड्यांतून निघते आणि गोरेगाव ओलांडून मालाडच्या खाडीला मिळते. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस कोसळला की सखल वस्त्यांत पाणी शिरतं. गाद्या माळ्यावर टाकायच्या की नाही, मुलांना शाळेत पाठवायचं की नाही, हे तिथल्या बाईला सकाळीच ठरवावं लागतं. तिला नुसतं ‘ऑरेंज अलर्ट’ सांगून भागत नाही. एकवीसपैकी किती अंदाज मुसळधार पाऊस दाखवतात, हेही त्या रंगासोबत रेडिओवर आणि मोबाइलवर रोज सांगायला हवं.