कपाटाच्या किल्लीचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा प्रसंगी वक्त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, गुणवंतांचे कौतुक करावे आणि खाली बसावे, असा रिवाज आहे. गुणवंतांचे कौतुक मी मनापासून करतो. परंतु शिक्षणाचे महत्त्व आज सांगणार नाही, कारण ते तुम्हाला पटलेले आहे. पटले नसते तर एवढ्या उन्हात तुम्ही येथे आला नसता. मी आज एका साध्या वस्तूविषयी बोलणार आहे. ती आपल्या प्रत्येकाच्या घरात, कपाटाच्या वरच्या खणात, एखाद्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. त्या पिशवीत घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट, जन्माचे दाखले, निकाहनामे, गुणपत्रिका आणि आधार कार्डे असतात. कपाटाची किल्ली मात्र एकाच्याच हाती असते.

आपला भाग परदेशी जाणाऱ्यांचा आहे. पूर्वी आपली माणसे बोटीवर खलाशी म्हणून गेली, आफ्रिकेत गेली, पुढे आखातात गेली. त्यामुळे कागदाची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. पण कागद कोणाचा, हे मात्र आपण शिकलो नाही. मीही शिकलो नव्हतो. ते मला कसे कळले, तेवढे प्रथम सांगतो. ज्या व्यक्तीसंबंधी हे आहे तिच्या परवानगीनेच सांगत आहे.

२०११ सालच्या जुलै महिन्यात माझा धाकटा भाऊ दुबईहून बायको आणि पाच वर्षांची मुलगी यांना घेऊन सुटीवर आला. दोघा नवरा-बायकोत कुरबूर होती, ती आम्हाला ठाऊक होती. पंधरा दिवसांनी तो एकटाच परत गेला. जाताना दोघींचे पासपोर्ट त्याने माझ्या हाती दिले आणि सांगितले, "भाई, मी सांगेन तेव्हाच द्या." मी ते कपाटात ठेवले आणि किल्ली कमरेला लावली. मोठ्या भावाचे कर्तव्य केले, असेच मला वाटले.

माझी भावजय दुबईतल्या एका शाळेत शिकवीत असे. ऑगस्टअखेर तिने पासपोर्ट मागितला. मी म्हटले, "त्याचा फोन येऊ दे." ऑक्टोबरात तिने पुन्हा मागितला. मी म्हटले, "घरातली गोष्ट घरात मिटेल, घाई कशाला?" तिच्या शाळेने तिची जागा जानेवारीपर्यंत राखून ठेवली होती, हे तिने मला सांगितले होते. मी ते ऐकून घेतले आणि जेवायला बसलो.

जानेवारीत ती तिसऱ्यांदा आली. या वेळी तिने पासपोर्ट मागितला नाही. तिने एवढेच विचारले, "भाईजान, फी थकली म्हणून कोणी मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला अडवला, तर तुम्ही ट्रस्टींशी भांडायचात ना? तो दाखला कोणाचा असतो?"

मी तीस वर्षे शिक्षक होतो. दाखला मुलाचा असतो, असे मी कितीतरी वेळा बजावून सांगितले होते. मला उत्तर देता येईना. मी उठलो, कपाट उघडले आणि दोन्ही पासपोर्ट तिच्या हातात ठेवले. परंतु तिथला निवास परवाना सलग सहा महिने बाहेर राहिले की रद्द होई. ती मुदत उलटून अकरा दिवस झाले होते. मुदतीची तारीख मला माहीत नव्हती. खरे म्हणजे, मी ती कधी विचारलीच नव्हती. नोकरी गेली, मुलीची शाळा गेली आणि नवऱ्याशी समोरासमोर बोलून काय तो निकाल लावण्याची तिची संधीही गेली.

मी तिला मारले नाही, तिच्यावर ओरडलो नाही, तिला उपाशी ठेवले नाही. मी फक्त किल्ली कमरेला ठेवली. एवढ्याने एका माणसाच्या आयुष्याची वाट बदलते. म्हणून आज उभा आहे.

आता कायद्याची बाजू पाहू. पासपोर्टसंबंधीचा कायदा १९६७ सालचा आहे. त्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. ज्याच्या नावाने तो दिला, त्याने तो बाळगावयाचा. तेव्हा नवरा, सासरा, बाप, भाऊ, जेठ किंवा मालक यांपैकी कोणाचीही त्यावर मालकी नाही. पासपोर्ट अडकवून ठेवण्याचा अधिकार कायद्याने पासपोर्ट अधिकाऱ्याला दिला आहे आणि तोही कारणे नोंदवून. २००८ साली सुरेश नंदा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, पोलिसांना तपासात पासपोर्ट ताब्यात घेता येईल, परंतु तो अडकवून ठेवता येणार नाही. जे पोलिसांना करता येत नाही, ते मी माझ्या कपाटात करीत होतो!

परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली मनेका गांधी यांच्या खटल्यातच सांगितले आहे. तेथे तर पासपोर्ट सरकारनेच अडवला होता.

कोणी कागद अडवून ठेवले असतील, तर काय करावे?

पहिली गोष्ट, मागणी लेखी करावी. तोंडी मागणीला "मागितलेच नाही" हे उत्तर तयार असते. साधे चार ओळींचे पत्र लिहावे. कोणता कागद, कोणाच्या नावाचा, कोणाकडे आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत हवा, एवढेच लिहावे. आरोप लिहू नयेत. पत्राची प्रत आणि टपालाची पावती जपून ठेवावी. घरातला एखादा वडीलधारा किंवा जमातीतला जाणता माणूस मध्यस्थ म्हणून घ्यावा, पण मुदत घालून. माझ्यासारखा "मिटेल, मिटेल" म्हणणारा मध्यस्थ घेऊ नये.

दुसरी गोष्ट भगिनींसाठी. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ सालचा असून तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. तो केवळ नवऱ्याविरुद्ध आहे, अशी समजूत आहे, ती चुकीची आहे. एका घरात राहिलेल्या बाप, भाऊ, सासू-सासरे यांच्याविरुद्धही त्याचा आधार घेता येतो. त्यातील १९ व्या कलमाच्या ८ व्या पोटकलमान्वये, स्त्रीचे स्त्रीधन, तिच्या हक्काची मालमत्ता व मौल्यवान दस्तऐवज तिला परत करण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. अर्जाची पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत ठेवावी, असे कायदा सांगतो. निकड असेल तर दुसऱ्या बाजूची वाट न पाहता अंतरिम आदेशही मिळू शकतो. यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. अर्ज करण्यास ते मदत करतात. व्हिसाची मुदत कोणत्या तारखेला संपते, हे अर्जात पहिल्या पानावर लिहावे. अशा बाबतीत तारीख हाच सर्वांत मोठा मुद्दा असतो.

वकिलाची फी कोठून आणावयाची? विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. मुलांनाही आहे. प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. महिलांच्या मदतीचा क्रमांक १८१ आणि तातडीच्या मदतीचा ११२. हे तीन क्रमांक भगिनींनी नावाशिवाय का होईना, पण लिहून ठेवावेत.

तिसरी गोष्ट, जिवाला धोका असेल तर कागदांसाठी थांबू नका. आधी घराबाहेर पडा. कागद पुन्हा मिळतात.

चौथी गोष्ट अत्यंत महत्त्वाची. पासपोर्ट अडवलेला असताना "हरवला" असे लिहून देऊ नका. हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. "पोलिसांत हरवल्याची तक्रार द्या, नवा मिळेल, काम सोपे!" परंतु पासपोर्ट मिळविण्यासाठी खोटी माहिती देणे हा १२ व्या कलमाखाली गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते. शिवाय हरवला म्हणून नोंदलेला पासपोर्ट रद्द होतो. उद्या तो कपाटातून निघाला आणि कोणी त्यावर प्रवासाला गेला, तर विमानतळावरच अडकतो. जे खरे आहे तेच लिहावे: पासपोर्ट अमुक नात्याच्या माणसाकडे आहे, अमुक तारखेला लेखी मागितला, तो देत नाही. ही तक्रार पोलिसांना द्यावी, तिची पोच घ्यावी आणि तीच पासपोर्ट कार्यालयात दाखवावी.

पाचवी गोष्ट परदेशात असलेल्यांसाठी. तेथे पासपोर्ट कोणी अडवला, तर भारताचा दूतावास किंवा वाणिज्य दूतावास हे आपले दार आहे. मायदेशी परतण्यापुरते एकेरी प्रवासाचे तातडीचे प्रमाणपत्र तेथून मिळू शकते. अडचणीतल्या भारतीयांसाठी २००९ सालापासून समाज कल्याण निधीही आहे. गरजूंना तात्पुरता निवारा आणि तिकीट यांसाठी त्यातून मदत होते. आपल्या काही मुली लग्न होऊन विलायतेला, अमेरिकेलाही गेल्या आहेत. इंग्लंड व वेल्समध्ये घरातल्या माणसाला धाक व निर्बंधाखाली दाबून ठेवणे हा २०१५ च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे. अमेरिकेत ग्रीन कार्ड हाती नसेल तर आय-९० या अर्जाने दुसरे मागता येते. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नवऱ्याने छळ केला, तर १९९४ च्या कायद्यामुळे पत्नी त्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करू शकते. "कागद माझ्या हातात आहेत, म्हणून तू माझ्या हातात आहेस," हे वाक्य कोणी ऐकवले, तर ते खरे मानू नका.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याकडे वळतो. पासपोर्ट सोडून इतर बहुतेक कागदांची दुसरी प्रत मिळते, हे लक्षात ठेवा. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत असते आणि तिचा उतारा मागता येतो. गुणपत्रिकेची दुसरी प्रत मंडळाकडून आणि दाखल्याची शाळेकडून मिळते. विवाहाची नोंद विवाह निबंधकाकडे केली असेल, तर प्रमाणित प्रत तेथे मिळते. ज्यांनी केवळ निकाहनाम्यावर भागवले आहे, त्यांनी ही नोंदही करून घ्यावी.

आधारची गोष्ट निराळी. तुमच्या आधारला वडिलांचा किंवा भावाचा मोबाईल जोडलेला असेल, तर तुमची किल्ली त्यांच्या खिशात आहे. सज्ञान झाल्यावर आधार केंद्रात जाऊन स्वतःचा क्रमांक जोडून घ्या. बोटांचे ठसे तुमचेच असतात, ते कोणाला कपाटात ठेवता येत नाहीत! आज घरी गेल्यावर एका वहीत तुमच्या प्रत्येक कागदाचा क्रमांक, तारीख आणि मुदत लिहा. पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची आणि व्हिसाच्या पानाची प्रत काढून विश्वासातल्या एखाद्या आप्ताकडे ठेवा.

आणि पालकांनो, शेवटची विनंती तुम्हाला. आपण कागद सांभाळतो ते प्रेमाने, मुलांनी हरवू नयेत म्हणून, हे मला मान्य आहे. लहान मुलांचे कागद सांभाळणे हे आपले कामच आहे. परंतु सांभाळणे आणि अडवणे यांत अंतर फार थोडे असते आणि ते ओलांडल्याचे ओलांडणाऱ्याला कळत नाही. एकच कसोटी आहे. ज्याचा कागद, त्याने मागितला की त्याच दिवशी, कारण न विचारता देता येतो का? देता येत असेल तर ती अमानत आहे. देता येत नसेल, तर त्याला आपण स्वतःशी कोणते नाव द्यावयाचे ते ठरवा. अमानत परत करावयाची असते, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते. ती फक्त पैशाची आणि दागिन्यांचीच असते, असे मात्र कोठेही सांगितलेले नाही.

मुलगा असो वा मुलगी, अठरा वर्षे पूर्ण होतील त्या दिवशी एक पुठ्ठ्याची फाईल आणा, तिच्यावर त्याचे किंवा तिचे नाव घाला, कागद मोजून तिच्यात ठेवा आणि फाईल हाती द्या. सून घरात आली तर तिचा पासपोर्ट तिच्याच पेटीत राहू द्या.

माझी भावजय आज आपल्याच जिल्ह्यात शिक्षिका आहे. तिने मला माफ केले, असे ती म्हणते. तिची मुलगी आता महाविद्यालयात आहे. दोन वर्षांपूर्वी तिला अठरावे पूर्ण झाले, तेव्हा फाईल मी नेऊन दिली. तिने एकेक कागद काढून पाहिला, मोजला आणि मला विचारले, "चाचा, पोच लिहून देऊ का?"

मी म्हटले, "दे बेटी. तारीख घालून दे."

ती पोच आता माझ्या कपाटात आहे.